चालू तास बघितल्याशिवाय चित्रकलेचा क्लास लावू नका

चित्रकलेचा क्लास कसा निवडावा यावर कोणीतरी लिहिलंय की शिक्षकांची स्वतःची चित्रं आवडली की डोळे झाकून क्लास लावा. मला हे अर्धंच पटलं, कारण उत्तम चित्रकार उत्तम शिकवेलच असं नाही, म्हणून मी आधी विद्यार्थ्यांची चित्रं बघते, आणि तीही फ्रेम केलेली नाही तर बोर्डवर चालू असलेली. सगळ्यांच्या कागदावर तोच सूर्यास्त आणि तीच होडी दिसली तर तिथे फक्त कॉपी चालते.

अजून एक, एखादा चालू तास मागे बसून बघू का असं सरळ विचारा आणि चूक कशी सुधारतात तेवढं नीट बघा. मी बघितलेल्या एका तासाला एका काकांनी भांडं काढलं होतं, वरची कड मस्त लंबगोल आणि तळ एकदम सपाट रेघ. मॅडमनी त्यांच्या कागदाला हातच लावला नाही, बाजूच्या चिठोऱ्यावर दाखवलं की कड डोळ्याच्या पातळीपासून जितकी खाली तितका लंबगोल जास्त उघडतो, मग काकांनी स्वतःच खोडून तळ गोल केला. दुसऱ्या ठिकाणी सर ब्रश हातात घेऊन चित्र पुरं करून देत होते, घरी न्यायला छान चित्र मिळतं पण आपला हात आहे तिथेच राहतो ना!

आणि ऑइल पेंटिंग शिकायचं असेल तर खिडक्या उघडतात का तेही बघा, रंग पातळ करायला वापरतात त्या टर्पेंटाइनच्या वाफेने बंद खोलीत डोकं धरतं.