वस्तीचा नकाशा वस्तीने काढल्यावर तो सर्वांसाठी खुला करावा का?

प्रश्न – नदीकाठ

नमस्कार. पुण्यातील नदीलगतच्या एका वस्तीत आम्ही काही जण संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. तेथील मोठ्या मुलामुलींनी वस्तीचा नकाशा तयार करावा आणि त्याच्या जोडीने मोबाईलवर चित्रित केलेल्या वस्तीतील बातम्या प्रसिद्ध कराव्यात, अशी कल्पना महिला बचत गटाच्या बैठकीत पुढे आली. केनियाची राजधानी नैरोबी येथील किबेरा वस्तीत २००९ पासून असे काम झाले आहे, एवढे मी वाचले आहे. बैठकीत मात्र एका ज्येष्ठ बाईंनी सरळ विचारले की, आपणच घरे मोजून आणि गल्ल्या आखून दिल्या, तर उद्या घरे पाडायला येणाऱ्यांचे काम सोपे होणार नाही का? त्यावर कोणालाच नीट उत्तर देता आले नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या कोणालाही पाहता येणाऱ्या नकाशावर वस्ती आणणे हिताचे आहे का? आणि नकाशा व बातम्या ही दोन कामे एकत्र करावीत, की आधी एक मार्गी लावून मग दुसरे हाती घ्यावे? किबेराचा अनुभव किंवा आपल्याकडचा अनुभव ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद – विषुववृत्त

नगरनियोजनाच्या कामानिमित्त मी काही वर्षे नैरोबीत होतो, त्यामुळे किबेराविषयी थोडे लिहितो.

२००९ च्या अखेरीस एरिका हेगन आणि मिकेल मरोन यांच्या पुढाकाराने ‘मॅप किबेरा’ सुरू झाले, तेव्हा ओपनस्ट्रीटमॅपवर किबेराच्या जागी जवळपास काहीच नव्हते. शहराच्या मध्यापासून काही किलोमीटरवर, लाखाहून अधिक माणसे राहतात अशी ही जागा नकाशावर कोरी होती. किबेरा अनेक लहान ‘गावां’ची मिळून बनली आहे, कियांडा, गाटवेकेरा, लिंडी, सिलांगा, लाइनी साबा ही त्यांतली काही नावे. या गावांतील १३ तरुण-तरुणींना जीपीएस यंत्रे देण्यात आली. त्यांनी पायवाटा चालून टिपल्या, पाण्याचे नळ, शौचालये, दवाखाने, शाळा, प्रार्थनास्थळे नोंदवली आणि काही आठवड्यांत पहिला नकाशा उभा राहिला.

तथापि खरे काम त्यानंतर सुरू झाले, असे मी म्हणेन. नकाशावर शौचालयाचा ठिपका असतो. पण ते चालू आहे का, वापराचे किती पैसे पडतात, रात्री किती वाजता त्याला कुलूप लागते, हे ठिपका सांगत नाही आणि बाईमाणसाला त्याच माहितीची गरज असते. म्हणून २०१० मध्ये आरोग्य, सुरक्षितता, शिक्षण, पाणी व स्वच्छता असे विषय घेऊन तपशील भरण्यात आले. सुरक्षिततेच्या कामात किशोरवयीन मुलींच्या बैठका झाल्या. छापील नकाशावर पारदर्शक कागद अंथरून कोणत्या वाटेने जायची भीती वाटते, कुठे उजेड नसतो, कोणत्या ठिकाणी आधार मिळू शकतो, हे मुलींनी रंगीत पेनांनी स्वतः रेखाटले. उपग्रहाच्या चित्रात यातले काहीही दिसत नाही, आणि बाहेरून आलेल्या सर्वेक्षकाला मुली ते सांगतही नाहीत.

बातम्यांचे काम याच सुमारास आणि याच तरुणांच्या वर्तुळातून उभे राहिले. ‘व्हॉइस ऑफ किबेरा’वर रहिवासी मोबाईलवरून लघुसंदेश पाठवत आणि तो तपासून नकाशावर त्या-त्या जागी मांडला जाई. त्यामागची उशाहिदी ही प्रणाली २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात उसळलेल्या हिंसाचाराच्या काळात, २००८ च्या आरंभी, केनियातच जन्मली होती. ‘किबेरा न्यूज नेटवर्क’चे तरुण छोट्या कॅमेऱ्यांनी बातम्या चित्रित करून यूट्यूबवर टाकत. ऑगस्ट २०१० मधील राज्यघटनेवरचे सार्वमत आणि मार्च २०१३ ची निवडणूक या दोन्ही वेळी अफवा झपाट्याने पसरण्याचा धोका होता. कोणत्या गावात काय घडत आहे, हे तिथलेच लोक तपासून सांगत होते, याचे मोल २००८ ची होरपळ सोसलेल्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, दोन्ही कामे एकत्रच करावीत. नकाशा एकदा पूर्ण झाला की मुलांचा उत्साह ओसरतो आणि माहिती शिळी होऊ लागते. बातमीसाठी मात्र त्यांना पुन्हा पुन्हा त्याच गल्लीत जावे लागते आणि त्या निमित्ताने नकाशाही ताजा राहतो.

आणखी एक बाब. किबेराची लोकसंख्या दहा लाख असल्याचे वर्षानुवर्षे सर्रास सांगितले जाई. केनियाच्या २००९ च्या जनगणनेत तो आकडा १,७०,०७० निघाला. जनगणनेवरही आक्षेप घेतले गेले, परंतु एवढी तफावत असताना शाळा किती हव्यात आणि पाणी किती हवे, याची चर्चाच करता येत नाही. पुढे मॅप किबेराच्या तरुणांनी वस्तीतील शाळा नोंदवल्या, तेव्हा त्यांची संख्या तीनशेहून अधिक भरली. त्यांतल्या बहुतेक सरकारी नव्हत्या.

प्रतिसाद – जिना

विषुववृत्त यांनी लिहिलेले सर्व मान्य आहे, परंतु त्या ज्येष्ठ बाईंच्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही. मी मुंबईत वस्तीपातळीवर काम केले आहे आणि माझ्या मते संपूर्ण चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न त्यांनीच विचारला आहे.

मुंबईत १९८५ साली हीच भीती फुटपाथवर राहणाऱ्या कुटुंबांपुढे उभी होती. ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले, मात्र रीतसर सूचना देऊन झोपड्या हटवण्याची मुभाही महापालिकेला दिली. पालिकेपाशी या कुटुंबांची नीट नोंद नव्हती. त्या वेळी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या परिसरातील फुटपाथवासी स्त्रियांसह त्यांचीच शिरगणती केली आणि सुमारे ६,००० कुटुंबांची माहिती गोळा झाली. त्यातून ‘महिला मिलन’ ही या स्त्रियांची संघटना उभी राहिली आणि जोकिन अर्पुथम यांच्या नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन या झोपडपट्टीवासीयांच्या संघटनेशी तिची सांगड बसली. जोकिन यांनी स्वतः १९७६ मध्ये मानखुर्दजवळची जनता कॉलनी डोळ्यांदेखत उठताना पाहिली होती, त्यामुळे मोजणीचा उपयोग कोण कसा करते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

या पद्धतीत घरांना क्रमांक दिले जात, गल्लीगल्लीतून यादी तयार होई आणि ती वस्तीत जाहीर वाचून दाखवली जाई. एखादे नाव गळले किंवा एखाद्याने दुबार नोंद केली, तर शेजारीच आक्षेप घेत आणि तिथल्या तिथे दुरुस्ती होत असे. त्यामुळे अधिकाऱ्यांसमोर यादी गेली, तेव्हा तिच्यामागे संपूर्ण वस्ती साक्षीला उभी राहू शकली. पुढे रेल्वेरुळांलगतच्या झोपड्यांचीही अशीच मोजणी झाली आणि मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात हजारो कुटुंबांचे पुनर्वसन करताना ती उपयोगी पडली.

इथे किबेराचा धागा जुळतो. २००४ च्या सुमारास केनिया रेल्वेने किबेरा आणि नैरोबीतीलच मुकुरु या वस्तीसमूहातील रुळांलगतची घरे व दुकाने हटवण्याचे ठरवले, तेव्हा केनियाचे रेल्वे अधिकारी आणि वस्त्यांतील प्रतिनिधी मुंबईत येऊन रुळांकाठच्या पुनर्वसनाचे काम पाहून गेले. त्यानंतर तिकडे रुळांलगत मोजणी झाली आणि पुनर्वसनाचा आराखडा बनला. म्हणजे मॅप किबेराच्या जीपीएसच्या आधीच मुंबईतल्या स्त्रियांनी घडवलेली शिरगणतीची रीत किबेरात पोहोचली होती. आपल्याकडच्या लोकांना ही गोष्ट फारशी माहीत नसते, याचे मला वाईट वाटते.

आता भीतीविषयी. जुलै २०१८ मध्ये किबेरातून जाणाऱ्या रस्त्यासाठी घरे आणि शाळा पाडण्यात आल्या आणि सुमारे ३०,००० माणसे विस्थापित झाली. मुकुरुला रहिवाशांच्या संघटनांनी गोळा केलेल्या माहितीच्या बळावर ऑगस्ट २०१७ मध्ये विशेष नियोजन क्षेत्राचा, म्हणजे स्वतंत्र विकास आराखडा करण्याच्या क्षेत्राचा, दर्जा मिळाला. पक्क्या वस्तीतील लोकांपेक्षा येथील गरीब माणूस पाण्यासाठी अधिक पैसे मोजतो, हे त्या माहितीने आकड्यांनिशी दाखवले होते. पुढे तिथे रस्ते, जलवाहिन्या, मलवाहिन्या यांची कामेही झाली. आणि तरीही २०२१ च्या अखेरीस मुकुरु क्वा न्जेंगामध्ये रस्त्याच्या कामासाठी हजारो कुटुंबांची घरे पाडली गेली.

त्या बाईंना मी खरे ते सांगेन. नकाशा असला तरी घरे पाडली जाऊ शकतात. तो नसला म्हणून पाडणारे थांबत नाहीत, कारण उपग्रहाची चित्रे आणि ड्रोन त्यांच्यापाशी आधीपासूनच असतात. आपल्याकडे नसतो तो आपण इथे राहत होतो याचा पुरावा, आणि पुनर्वसनासाठी पात्र-अपात्रतेची यादी लागते तेव्हा तोच मागितला जातो. झोपडीच्या माळ्यावर लोखंडी शिडीने चढून जावे लागते अशी खोली, तिथले भाडेकरू कुटुंब आणि खालच्या खोलीचा फोटोपास (झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र) ज्याच्या नावावर आहे तो मालक, यांतले छपरावरून काय दिसते? फक्त एक निळी ताडपत्री. वस्तीने केलेल्या मोजणीतच ते वरचे कुटुंब सापडते. किबेरातही बहुसंख्य रहिवासी भाडेकरूच आहेत, म्हणून हा मुद्दा तिथेही तितकाच कळीचा आहे.

प्रतिसाद – पायवाट

वरील दोन्ही प्रतिसादांना जोडून पहिल्या प्रश्नाविषयी लिहिते. मी ओपनस्ट्रीटमॅपवर स्वयंसेवक म्हणून नकाशांची दुरुस्ती करते.

खुला नकाशा आणि घरांची यादी या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्या एकत्र करू नयेत, असे माझे ठाम मत आहे. गल्ल्या, पायऱ्या, नळकोंडाळी, सार्वजनिक शौचालये, अंगणवाडी, रुग्णवाहिका कुठवर येऊ शकते ती जागा, अग्निशमन गाडी वळू शकेल एवढा रुंद रस्ता, हे सर्व खुल्या नकाशावर असावे, कारण आग लागली किंवा नदीला पूर आला तर बाहेरच्या माणसाला तेच हवे असते. कोणत्या घरात कोण राहते, मालक की भाडेकरू, कागदपत्रे कोणती आहेत, हे तिथे कधीही टाकू नये. ओपनस्ट्रीटमॅपवरील नोंद नंतर काढून टाकली, तरी बदलांच्या इतिहासात ती शिल्लक राहते, आणि तेथील माहिती श्रेय देऊन व परवान्याच्या अटी पाळून कोणीही व्यवसायासाठीसुद्धा वापरू शकतो. घरांची यादी क्यूजीआयएससारख्या नकाशे बनवण्याच्या मोफत संगणक प्रणालीत, बचत गटाच्या ताब्यातील संगणकावर ठेवावी आणि तिची एक छापील प्रत वस्तीत असावी. मुलींनी दाखवलेल्या भीतीच्या जागांनाही हाच नियम लावावा. त्या जागा पोलीस चौकीत आणि दिव्यांच्या मागणीच्या अर्जात जाव्यात, इंटरनेटवर नव्हेत.

परवानगीविषयी मनात शंका असेल, तर फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांविषयीचे नियम बरेच शिथिल केले आहेत. भारतीय नागरिकांना आपल्या वस्तीच्या गल्ल्या टिपण्यासाठी आगाऊ परवाना काढावा लागत नाही. संवेदनशील ठिकाणे मात्र वगळावीत.

पुण्यात हे काम शून्यापासून सुरू करावे लागणार नाही. १९९० च्या दशकापासून कार्यरत असलेल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने पुणे आणि सांगली-मिरज भागातील वस्त्यांचे घरनिहाय नकाशे केले आहेत. कोणत्या घरात शौचालय नाही आणि तिथून मलवाहिनी किती अंतरावर आहे, हे नकाशावर पाहून तिने घरोघरी शौचालये उभारण्यास मदत केली. त्या कामात मला जे मोलाचे वाटते ते असे की, नकाशा काढण्यापूर्वीच तो कोणत्या मागणीसाठी काढायचा हे ठरलेले असते. आपल्या गटानेही एकच मागणी निवडावी.

बातम्यांच्या बाबतीत अठरा वर्षांखालील मुलांच्या पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि ज्याच्या घरासमोर चित्रण होते त्याला बातमी प्रसिद्ध होण्याआधी दाखवावी. तंटा असलेल्या घराची बातमी मुलांकडे सोपवू नये. त्यांना त्याच गल्लीतून रोज शाळेत जायचे असते.

नदीकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कालच्या बैठकीत हे प्रतिसाद वाचून दाखवले. खुला नकाशा आणि घरांची यादी वेगळी ठेवण्यावर सर्वांचे एकमत झाले आणि पहिली मागणी रात्री बंद होणाऱ्या सार्वजनिक शौचालयाची असेल, असे ठरले. एक शंका उरली आहे. घरांची यादी जाहीर वाचली, तर भाडेकरूंची नावे मालकांसमोर येतील आणि काही मालक त्याला हरकत घेतील. मुंबईत अशा वेळी काय केले जाई?

जिना

हरकत येतेच. माझ्या अनुभवात पहिल्या फेरीत मालकी आणि भाड्याचा उल्लेख न करता केवळ राहणाऱ्या कुटुंबांची नावे वाचली, तर वाद पुष्कळ कमी होतो. भाडेकरू कुटुंबांशी स्त्रियांनी आधी स्वतंत्रपणे बोलावे आणि ज्यांना नाव वाचले जाणे धोक्याचे वाटते, त्यांची नोंद क्रमांकाने ठेवून नाव बंद पाकिटात बचत गटाकडे द्यावे. मालक मंडळींना मात्र पहिल्याच बैठकीला बोलवा. त्यांना वगळून केलेली यादी पुढे कार्यालयात पोहोचण्याआधीच तिच्याविरुद्ध तक्रार दाखल झालेली असते. शौचालयाच्या मागणीवर मालक आणि भाडेकरू दोघेही एका बाजूला असतात, म्हणून आरंभ तिथून करण्याचा आपला निर्णय मला योग्य वाटतो. आधी आठवडाभर रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत शौचालय केव्हा उघडे आणि केव्हा बंद असते, याची नोंद दोन-दोन स्त्रियांनी मिळून करावी आणि मुलांची पहिली बातमी त्या नोंदीवरच बेतावी.