उत्तर: ग्रामसभेआधी आरती चालते का?

भाऊ, तुम्ही दाखवलेला राज्यघटनेचा अनुच्छेद 28 शिक्षणसंस्थांतल्या धार्मिक शिक्षणापुरता आहे. ग्रामसभेला तो लागत नाही. इथं बघायचा तो 27: एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कराचा पैसा नको. म्हणून नारळ-हाराचं बिल ग्रामनिधीत टाकू नका, लेखापरीक्षणात तेच अडकतं.

आरती म्हणायचीच तर सभा सुरू होण्याआधी, मारुतीच्या पारावर. विषयपत्रिकेत आणि इतिवृत्तात नको. खरा घोळ सह्यांचा. आरतीची गर्दी हजेरीत धरतात, मग ती पांगते. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी ते. (नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडं पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा, तिथले नियम वेगळे.) सह्या सभा सुरू झाल्यावरच घ्या. जामनेर असो की शिरपूर, ठरावाला आव्हान मिळालं की आधी हजेरीपटच मागतात.