धनकवडीतील बंद सदनिका: मिळेल त्या भावात विकावी की थांबावे?

दक्षिणवासी:
नमस्कार. वडिलांनी १९९४ मध्ये धनकवडीत घेतलेली सदनिका आई गेल्यापासून, म्हणजे सव्वा वर्षापासून, बंद आहे. मी बंगळूरूला राहतो, धाकटी बहीण टोरांटोला स्थायिक आहे आणि आम्हा दोघांपैकी कोणीही पुण्यात परतण्याची शक्यता नाही. संस्थेचे देखभाल शुल्क दरमहा ३,२०० रुपये आहे, त्यावर अलीकडे ३२० रुपये बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः घरात राहत नसल्याबद्दलचे) लावले जात आहे, मिळकतकर वर्षाला सुमारे १४,००० रुपये येतो आणि एक युनिटही वीज जळली नाही तरी बिलातला स्थिर आकार चुकत नाही. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरातून खालच्या घरात पाणी झिरपले. त्या दुरुस्तीला १८,००० रुपये लागले आणि दोन वेळा रजा काढून जावे लागले. एका मध्यस्थाने तीन आठवड्यांत ५० लाख रुपयांचा व्यवहार करून देतो असे सांगितले आहे. त्याच इमारतीतील तशीच सदनिका सहा महिन्यांपूर्वी ६२ लाखांना गेली आणि रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, आमच्या सदनिकेचे मूल्य ५८ लाख निघते. भाग दाखला (संस्थेचे शेअर सर्टिफिकेट) अजून वडिलांच्याच नावावर आहे. नामनिर्देशन आईचे होते. दर महिन्याची ही गळती थांबवण्यासाठी ५० लाख स्वीकारावेत का?

हिशेबनीस:
आपण दिलेले आकडे एकत्र केले, तर प्रवासासाठी वर्षाला २५,००० धरूनही प्रत्यक्ष खर्च एक लाखाच्या आसपास राहतो. तो वाचवण्यासाठी १२ लाख सोडणे म्हणजे बारा वर्षांचा खर्च आजच भरून टाकणे होय. मात्र हा हिशेब अर्धाच आहे, कारण ६० लाख रुपये साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३ लाख ९० हजार व्याज मिळाले असते आणि बंद घर ते मिळू देत नाही. हे व्याज धरले की थांबण्याची खरी किंमत वर्षाला पावणेपाच ते पाच लाख होते. त्यामुळे दोन-तीन वर्षे वाट पाहण्यात अर्थ नाही, पण सहा महिने नीट प्रयत्न करून ५९ किंवा ६० लाख मिळवणे ५० लाखांपेक्षा निश्चितच लाभाचे आहे.

त्याहून महत्त्वाची बाब प्राप्तिकराची आहे. विक्रीची किंमत मुद्रांक मूल्यापेक्षा, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे निघणाऱ्या मूल्यापेक्षा, बरीच कमी असेल आणि मुद्रांक मूल्य त्या किमतीच्या ११० टक्क्यांहून अधिक भरत असेल, तर भांडवली नफा मोजताना हाती आलेली रक्कम नव्हे, मुद्रांक मूल्यच विक्रीची किंमत मानले जाते. ५० लाखांचे ११० टक्के ५५ लाख होतात, म्हणून आपला नफा ५८ लाख धरून मोजला जाईल आणि न मिळालेल्या ८ लाखांवरही कर लागेल. खरेदीदारालाही ते ८ लाख स्वतःचे उत्पन्न म्हणून दाखवावे लागतात. हे त्याच्या सल्लागाराने सांगितले की तो मागे फिरतो किंवा किंमत आणखी पाडतो. ५२ लाख ७३ हजारांचे ११० टक्के ५८ लाख होतात, म्हणून आपल्या बाबतीत त्याच्या खाली जाणे दोघांनाही महाग पडेल.

सदनिका २००१ पूर्वीची असल्याने १ एप्रिल २००१ रोजीचे वाजवी बाजारमूल्य खरेदीमूल्य म्हणून घेता येते. त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून अहवाल आताच करून घ्यावा. आपण भारतात निवासी असल्याने महागाई निर्देशांकाने खरेदीमूल्य न वाढवता, म्हणजे निर्देशांकाविना, साडेबारा टक्के किंवा निर्देशांकासह वीस टक्के, यांपैकी कमी कर निवडण्याची सवलत आपल्याला आहे. अनिवासी बहिणीला ती नाही, म्हणून दोघांच्या हिश्शांवरील कर वेगळा निघेल.

सहकारनगरकर:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु आपली अडचण किमतीपेक्षा कागदपत्रांत अधिक आहे असे मला वाटते. माझ्या मावशीच्या घराच्या वेळी आम्ही विसार घेऊन बसलो आणि खरेदीदाराच्या बँकेने भाग दाखल्यावर मृत व्यक्तीचे नाव पाहून कर्ज अडवले. चार महिने गेले, खरेदीदार गेला आणि विसार परत करावा लागला. आपल्याकडे नामनिर्देशित व्यक्तीही हयात नसल्याने संस्था वारसांचे पुरावे, क्षतिपूर्ती बंधपत्र (इंडेम्निटी बाँड) आणि वृत्तपत्रांत जाहीर सूचना मागेल, आणि ही सूचना वारसाच्या खर्चाने द्यावी लागते. दोन्ही मृत्यूंचे दाखले, मूळ करारनामा आणि सूची क्रमांक दोन (नोंदणीचा इंडेक्स टू) आजच एका जागी ठेवा. तीन आठवड्यांत व्यवहार करून देणारा मध्यस्थ हे सारे झाल्याचे गृहीत धरतो आहे, किंवा कागद अपुरे असल्यामुळेच त्याने ५० लाख सांगितले आहेत.

बहिणीकडून हक्कसोडपत्र, म्हणजे तिने हिस्सा सोडल्याचा दस्त, घेणे सोपे वाटते, पण तिला तिचा हिस्सा द्यायचा असेल तर तो मार्ग घेऊ नका. हक्कसोडपत्रानंतर संपूर्ण विक्री आपल्या नावावर होते, सर्व नफाही आपलाच ठरतो आणि पुढे तिला पैसे पाठवण्याचा खुलासा करावा लागतो. तिने टोरांटोतील भारतीय वाणिज्य दूतावासात विक्रीपुरते कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) करून पाठवावे. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत येथे मुद्रांकित करून घ्यावे लागते. तिच्या हिश्शावर खरेदीदाराने कापायचा कर निवासी विक्रेत्यासारखा एक टक्का नसतो, बराच अधिक असतो, म्हणून कमी दराने कपात करण्याचा दाखला तिने प्राप्तिकर विभागाकडे विसाराच्या आधीच मागावा.

बिनभोगवटा शुल्काबद्दलही लिहितो, कारण अनेक सभासद ते निमूटपणे भरत राहतात. हे शुल्क सदनिका भाड्याने दिली असेल तरच लावता येते आणि २००१ च्या शासन आदेशानुसार तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपुरतेच. कुलूप लावलेल्या घरावर ते लागू होत नाही. संस्थेला लेखी पत्र द्या आणि भरलेली रक्कम परत मागा. मिळकतकर मात्र थकवू नका, त्यावर दरमहा दोन टक्के शास्ती चढते.

दक्षिणवासी:
दोघांचेही मनापासून आभार. मध्यस्थाला आज नकार कळवला. बहिणीशी बोलणे झाले असून ती कुलमुखत्यारपत्राची वेळ घेत आहे, आणि संस्थेच्या सचिवांना वारसनोंदीचा अर्ज व बिनभोगवटा शुल्काचे पत्र मी या आठवड्यात पाठवत आहे. एक शंका उरते: दाखला आमच्या नावावर होईपर्यंत घर अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्यावे का?

हिशेबनीस:
देऊ नये. भाडेकरू असलेल्या घरात स्वतः राहू इच्छिणारा खरेदीदार सहसा रस घेत नाही आणि घर दाखवायलाही अडचण येते. त्याऐवजी आतील जुने सामान हलवा, झिरपलेल्या भिंतीला रंग द्या आणि किल्ली शेजारच्या विश्वासातील व्यक्तीकडे ठेवा. वीजजोडणी खर्च वाचवण्यासाठी बंद करू नका. अंधारे घर पाहून आलेला माणूस परत येत नाही. वारसनोंद होताच मागणी ६१ लाखांची ठेवा आणि ५९ च्या खाली येण्याआधी येथे एकदा जरूर विचारा.