मदत हवी आहे: एकाच ग्रॅनाइटचे दोन वेग, मशीन बिघडलंय का?

चिरेबंदी: देगलूरकडच्या गुलाबी ग्रॅनाइटच्या एकाच ठोकळ्यातून दोन कोर (दगडाचे दंडगोल तुकडे) काढलेत. पी-लहरींचा (ध्वनीसारख्या, दगड दाबत जाणाऱ्या लहरींचा) वेग ५ मेगापास्कल दाबाला एकात ४.६ किमी/से. येतो, दुसऱ्यात ५.७. दाब २०० वर नेला की पहिला ६.० गाठतो, दुसरा ५.९ लाच अडकतो. लॅबवाले म्हणतात सेन्सर गेला. सोमवारी सरांना आलेख द्यायचाय, पटकन सांगा.

गारगोटी: दाब चहूबाजूंनी की फक्त वरून? कोर कोरडे की ओले?

चिरेबंदी: चहूबाजूंनी, ते उघडच आहे. पहिला ओव्हनमधून काढलेला, दुसरा पाण्यात ठेवलेला. पण दगड तोच आहे ना?

गारगोटी: अहो, हे आधी सांगायचं! सेन्सर ठणठणीत आहे. ग्रॅनाइटमध्ये सूक्ष्म भेगा असतात, मिलिमीटरभर लांब आणि मायक्रॉनभर रुंद. हवा भरलेली भेग सहज दबते, म्हणून वेग पडतो. पाणी सहज दबत नाही, म्हणून पी-लहरींचा वेग वाढतो. एस-लहरींचा (दगड आडवा हलवणाऱ्या) वेग मोजलात का? त्यात पाण्याने फारसा फरक पडत नाही.

जुना_ड्रिलर: कोर जमिनीतून वर आला की भार उतरतो आणि भेगा उघडतात. टेबलावरचा आकडा खोलीवर लावूच नका. कोयनेला ३ किमीची विंधन विहीर घेतली, तिथे दगडाचाच भार ८० मेगापास्कलच्या आसपास. आधी दोन-तीनदा दाब चढवा-उतरवा, मग रीडिंग घ्या.

गारगोटी: नको! उतरताना वेग चढतानापेक्षा जास्त येतो, कारण सगळ्या भेगा पूर्ववत उघडत नाहीत. तेच तर बघायचंय. आणि भेगांतलं पाणी त्यांना आतून उघडं धरतं, मग ८० मधून त्या पाण्याचा दाब वजा कोण करणार?

जुना_ड्रिलर: पुस्तकी बोलणं. साइटवर या एकदा.

माजघर: आमच्या ओट्याच्या ग्रॅनाइटला सिंकजवळ बारीक चीर गेलीय. आत पाणी मुरेल का? कोणतं एपॉक्सी चांगलं?

जुना_ड्रिलर: ताई, आधी ओटा पूर्ण सुकू द्या, मग पातळ एपॉक्सी. सिलिकॉन नको.

चिरेबंदी: ओटा राहू द्या हो! कोरडा ओल्याच्या पुढे का गेला?

आलेखवाला: भेगेची रुंदी भागिले लांबी, गुणिले यंग मॉड्युलस (दगडाच्या ताठरपणाचं माप): ०.००१ गुणिले ७० गिगापास्कल, म्हणजे ७० मेगापास्कलच्या आसपास अशी भेग मिटते. दगडांतल्या भेगांवर काम करणाऱ्या वॉल्श यांचा १९६५ चा हिशोब. गोल छिद्रं मात्र एवढ्याने मिटत नाहीत. कोरड्याचा आलेख आधी झपाट्याने चढून मग सपाट होतो ना? ओल्यात पाण्याला बाहेर जायला वाट होती का?

चिरेबंदी: वाट कसली? कोरभोवतीचं जॅकेट (आवरण) पूर्ण बंद. दाब देणारं तेल आत जाऊ नये म्हणून.

आलेखवाला: मग झालं! बाहेरचा दाब वाढला तसा आतल्या पाण्याचाही वाढला, भेगा मिटल्याच नाहीत. एका टोकाला ड्रेन लावा, प्रत्येक पायरीवर थोडं थांबा आणि ओला कोर पुन्हा चालवा.

चिरेबंदी: सोमवारपर्यंत?

जुना_ड्रिलर: कोरड्याचाच आलेख द्या. ओल्यावर ‘काम चालू’ लिहा.