नागपूरच्या हिवाळी बगी रेसला १७.५ टर्नची सक्ती असावी का?

पिनियन_३१

मंडळी, रिमोट कंट्रोल गाड्यांच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रविवारच्या रेससाठी नियमांचा मसुदा इथे ठेवतो. गाडी १/१० मापाची टू-व्हील ड्राइव्ह बगी, रुंदी जास्तीत जास्त २५० मिमी, वजन बॅटरी आणि ट्रान्सपाँडरसकट (फेऱ्या मोजणारं यंत्र) किमान १५०० ग्रॅम. मोटर १७.५ टर्न सेन्सर्ड ब्रशलेस (टर्न म्हणजे तारेचे वेढे; जितके कमी, तितकी मोटर जोरकस). ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा नियंत्रक) ब्लिंकी मोडमध्ये, म्हणजे दिवा लुकलुकता आणि इलेक्ट्रॉनिक टायमिंग (मोटरला वीज जरा आधी देऊन वेग वाढवणं) शून्य. बॅटरी टू-एस (दोन सेलची) हार्डकेस लिपो, स्टार्टला जाताना ८.४० व्होल्टच्या वर नाही. टायर सगळ्यांना एकाच साच्याचे.

मोकळ्या, म्हणजे टर्नचं बंधन नसलेल्या, मोटरला माझा विरोध आहे तो ट्रॅकमुळे. आपला ट्रॅक मुरुम, पिवळी माती आणि चुरीचा. ६.५ टर्नची मोटर कोपऱ्यातून निघताना मागची चाकं जागच्या जागी फिरवते आणि पाणी मारून दाबलेला वरचा थर उकरते. तिसऱ्या हीटपर्यंत (हीट म्हणजे पाचेक मिनिटांची एक फेरी) तिथे बोटभर खोल चर पडतो, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी त्याच चरात उधळते. १७.५ मध्ये तेवढा दम नसतो. तिथे कोपऱ्यात वेग राखूनच लॅपचा वेळ कमी करावा लागतो, आणि ट्रॅक संध्याकाळपर्यंत टिकतो. मतं मांडा.

स्टेटर

काहून भाऊ, हे तपासणार कोण आणि कशानं?

१७.५ चा शिक्का असलेल्या दोन मोटरी सारख्या नसतात. स्टेटरचा (तारेचे वेढे असलेला स्थिर भाग) रोध जरा कमी असला, रोटरचा (फिरणारा भाग) चुंबक जास्त ताकदीचा असला, किंवा शिम (पातळ चकती) टाकून रोटर थोडा मागे-पुढे केलेला असला की आरपीएम बदलले. हे पकडायला मिलिओम मोजणारं मीटर हवं, गॉसमीटर हवं, व्हर्नियर हवा आणि मोटर उघडावी लागते. दोन हीटच्या मधल्या चार मिनिटांत ते होत नाही. ईएससीचा दिवा लुकलुकतो म्हणून टायमिंग शून्यच आहे, असंही धरता येत नाही. फर्मवेअरमध्ये छेडछाड केली तरी दिवा लुकलुकत राहू शकतो.

जो नियम टेबलावर तपासता येत नाही त्याचा मार प्रामाणिक माणसाला बसतो. वर खर्चाचंही उलटंच होतं. मॉडिफाइडमध्ये, म्हणजे मोकळ्या मोटरच्या गटात, ताकद गरजेपेक्षा जास्तच असते, म्हणून जुनी मोटरही चालून जाते. स्टॉकमध्ये, म्हणजे बांधलेल्या मोटरच्या गटात, अर्ध्या टक्क्यासाठी लोक दर मोसमाला नवा रोटर, सिरॅमिक बेअरिंग, टायटॅनियम स्क्रू घेत बसतात. इफमारच्या (रेडिओ कंट्रोल रेसिंगची जागतिक संघटना) १/१० ऑफ-रोड जागतिक स्पर्धेतही आज मोटर मॉडिफाइडच चालते.

माझं म्हणणं: वजन, रुंदी, टायर आणि व्होल्टेज बांधा, मोटर मोकळी सोडा. नवख्याला ट्रान्समीटरवर थ्रॉटलचा ईपीए (जास्तीत जास्त किती थ्रॉटल मिळेल ती मर्यादा) ६० टक्क्यांवर आणून द्या, त्याची गाडी तेवढ्यानं आवरते.

वर्धा_रोड

जागतिक स्पर्धेचा दाखला इथे लागत नाही. तिथला ट्रॅक आणि तिथले चालवणारे वेगळे. नियम जागा पाहूनच होतात. युरोपियन युनियनमध्ये २०२१ पासून १६ टक्क्यांच्या वरचं नायट्रोमिथेन सर्वसामान्यांना परवान्याशिवाय विकता येत नाही, म्हणून तिथल्या नायट्रो रेसचं (इंजिनाच्या गाड्यांच्या) इंधनही त्या मर्यादेत आलं. आपल्याला आपला मुरुम आणि आपलं ऊन पाहावं लागेल.

ऊन म्हटलं की मसुद्यातली उणीव दिसते: गिअरिंगवर एक ओळही नाही. १७.५ मध्ये वेग हवा म्हणून जो तो पिनियन (मोटरवरचा लहान गिअर) वाढवतो. ६९ दातांचा स्पर (पिनियन फिरवतो तो मोठा गिअर), ३१ चा पिनियन आणि गिअरबॉक्सचा रेशो २.६ धरला तर एफडीआर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे मोटरचे फेरे, साधारण ५.८ येतो. ६.५ टर्नची मोटर १० च्या आसपासच्या एफडीआरवर चालते. एफडीआर जितका खाली, तितकी मोटर प्रत्येक कोपऱ्यातून निघताना जास्त करंट ओढते. जानेवारीत सकाळी १२ अंशाला पाच मिनिटांच्या हीटनंतर ६५ दाखवणारी मोटर एप्रिलच्या दुपारी ४२ अंशाला त्याच गिअरवर ९५ च्या आसपास जाते, कारण हवेतला फरक जवळजवळ तसाच्या तसा मोटरवर चढतो. ८० च्या पुढे वारंवार गेली की रोटरची ताकद उतरायला लागते. उतरलेला रोटर आणखी करंट ओढतो आणि आणखी तापतो. रेस हिवाळीच ठेवा, आणि एफडीआर ६.५ च्या खाली नको असं लिहा. दात मोजायला अर्धा मिनिट पुरतो.

पिनियन_३१

एफडीआरची ओळ घातली. स्टेटरभाऊंच्या हरकतीला ती पुष्कळशी उत्तरही देते: गिअर बांधला की थोडी जास्त जोरकस मोटर आणली तरी सरळ पट्ट्यावर तिचा फायदा आटतो.

ईपीएचा तोडगा मात्र पटत नाही. तो ट्रान्समीटरवर असतो, स्टार्टनंतर दोन बटणं दाबली की १०० टक्के. मोटर उघडून तपासता येत नाही अशी तुमची तक्रार, आणि पर्याय सुचवता तो चालवणाऱ्याच्या बोटाखालचा!

स्टेटर

ईपीए नवख्याच्या सोयीसाठी म्हटलं होतं, नियम म्हणून नाही. पण मुद्दा मान्य, त्यावर बंधन ठेवता येणार नाही.

एफडीआर बांधल्यावर लोक काय करतील तेही सांगतो. मोटरच्या मागच्या एंडबेलचे (झाकणाचे) स्क्रू सैल करून टायमिंग ३० अंशावरून ४५ वर नेतील. गिअर तोच, आरपीएम वाढले, करंट वाढला, आणि वर्धा रोडभाऊ म्हणतात ती ९५ अंशाची मोटर जानेवारीतच मिळाली. ब्लिंकी फक्त ईएससीचं टायमिंग बंद करतं, एंडबेलचं नाही.

चुरी_आणि_पाणी

एंडबेलवर उपाय आहे. टायमिंगची खूण सगळ्यांसाठी एकच ठरवा, तपासणीच्या वेळी स्क्रूच्या डोक्यावर आणि एंडबेलवर मिळून लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्या. स्क्रू जरा हलला की ठिपका मधोमध तडकतो. हीटनंतर तोच पाहायचा, आणि सोबत इन्फ्रारेड गननं तापमान. ८५ च्या वर गेलेली मोटर पुढच्या फेरीआधी एक दात लहान पिनियनवर आणायची.

आता ८.४० बद्दल. हा नियम मोजायला सर्वांत सोपा वाटतो आणि भांडणं इथेच होतात. चार्जर ८.४० वर थांबतो, टेबलावरचं मीटर ८.४२ दाखवतं. दोघांत ०.०२ चा फरक नेहमीचाच. म्हणून निकाल एकाच मीटरचा, आणि ते मीटर सकाळपासून सगळ्यांना वापरायला खुलं. चार्जर प्रतिसेल ४.१९ वर लावा, किंवा चार्जनंतर दहा मिनिटं थांबा, आकडा आपोआप किंचित बसतो. एचव्ही (जास्त व्होल्टेजची) लिपो प्रतिसेल ४.३५ पर्यंत चार्ज होते, म्हणजे टू-एसला ८.७०. पॅक एचव्ही असला तरी चालेल, चार्ज ८.४० च.

टायरचं मात्र फेरविचारा भाऊ. बारीक पिनचे मऊ टायर मुरुमावर एका दिवसात गुळगुळीत होतात. सक्ती करायचीच तर कडक कंपाउंडचा साचा निवडा, आणि एका मोसमाला दोनच जोड्या, प्रत्येकीवर खूण.

वर्धा_रोड

फेलसेफ (सिग्नल तुटला की गाडी आपोआप थांबणं) कुणीच लिहिला नाही, तो सगळ्यात वर हवा. गाडी स्टँडवर ठेवायची, चाकं फिरती असताना ट्रान्समीटर बंद करायचा. थ्रॉटल न्यूट्रलला किंवा ब्रेकला आला नाही तर गाडी ट्रॅकवर नाही. रिसीव्हर ट्रान्समीटरशी नव्यानं जोडला (बाइंड केला) की सेटिंग पुसली जाऊ शकते, म्हणून ही तपासणी दर रेसच्या सकाळी. मार्शल (उलटलेली गाडी सरळ करणारा) बंद बुटातच. आणि आपली हीट संपली की पुढच्या हीटला मार्शलिंग करायचं; जो करणार नाही त्याची सर्वोत्तम क्वालिफाइंग फेरी रद्द.

पिनियन_३१

फेलसेफ, मार्शलिंग, नेलपॉलिशचा ठिपका, एकच मीटर, एफडीआर ६.५, कडक टायर: सगळं मसुद्यात गेलं. १७.५ वर मी ठाम आहे.

स्टेटर

मग मोटरी चिठ्ठीनं वाटा. सोळा जण असतील तर एकाच खेपेच्या एकोणीस घ्या, तीन राखीव. धुळीनं बेअरिंग गेलं की बदली मोटर तिथल्या तिथे मिळेल. सकाळी वाटायच्या, संध्याकाळी परत घ्यायच्या, खर्च प्रवेश शुल्कात. असं करणार असाल तर १७.५ ला माझा होकार. ज्यानं त्यानं आपली मोटर आणायची असेल, तर माझं मत मोकळ्या मोटरलाच.

पिनियन_३१

एकोणीस मोटरींचे पैसे आधी उभे करावे लागतील. रविवारपर्यंत भाव काढून इथेच आकडा टाकतो.