अनुभव धागा: ‘बॉस्टन लीगल’चा कुठला प्रसंग तुमच्या घरात शिरला?

वकिलांच्या फर्मवरची अमेरिकन मालिका, २००४ ते २००८, पाच सीझन. आपण स्टार वर्ल्डवर बघायचो. बुशचा काळ, त्यामुळे इराक, ग्वांतानामोचा तुरुंग, बंदुका, फाशी सगळं त्या वकिलांच्या टेबलावर. रिपब्लिकन डेनी क्रेन (विल्यम शॅटनर) आणि उलट्या मतांचा अ‍ॅलन शोर (जेम्स स्पेडर) दिवसभर वाद घालणार, रात्री बाल्कनीत सिगार आणि व्हिस्की. कथानक नको, तुमचं सांगा.

सातारची वकील: हीच बघून लॉ घेतलं, सांगायला लाज वाटते. अ‍ॅलनची सेक्रेटरी सरकारची लाज वाटते म्हणून कर भरत नाही, आणि हा गडी ज्युरीसमोर फोन टॅपिंगपासून कैद्यांच्या छळापर्यंत सगळं काढतो. ते भाषण मी आरशासमोर म्हणायचे. कोर्टात माझं पहिलं वाक्य काय? ‘साहेब, तारीख मिळावी.’ आपल्याकडे १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीच नव्हती, २०२४पासूनच्या नव्या संहितेतही नाही. भाषण ठोकायचं कोणासमोर, पट्टेवाल्यासमोर?

अण्णांची लेक: डेनीला अल्झायमर. तो त्या आजाराला ‘मॅड काऊ’ (गायींचा मेंदूचा रोग) म्हणतो आणि ऊठसूट स्वतःचंच नाव घेतो, ‘डेनी क्रेन!’ मला तो नुसता बढाईखोर म्हातारा वाटायचा. मग अण्णांचं सुरू झालं. जन्मभर बँकेत नोकरी. रोज सकाळी पेपरच्या कडेला बॉलपेननं सह्या करायचे, एकाखाली एक, दहा-बारा. आई म्हणायची, सवय हो, दुसरं काय. एक दिवस सहीत आडनाव आलंच नाही. माझ्याकडे बघून हसले आणि पेपर पालथा घातला. त्यानंतर ‘डेनी क्रेन!’ला मला कधी हसू आलं नाही.

जुनी प्रेक्षक: माझी तक्रार लिहून घ्या. डेनी ऑफिसातल्या बायकांशी जे वागतो ते विनोद म्हणून खपवलंय. तेव्हा मीही हसले होते. परवा लेकीबरोबर बसले, तर दुसऱ्याच भागात तिनं रिमोट ओढून घेतला.

ठाणेकर: शेवटच्या भागात डेनी-अ‍ॅलन लग्न करतात. प्रेमप्रकरण नाही, आजारपणाचे निर्णय आणि इस्टेट अ‍ॅलनच्या हातात राहावी म्हणून. मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे बॉस्टनच्या राज्यात, दोन पुरुषांचं लग्न २००४पासून कायदेशीर. आपल्याकडे तेव्हा कलम ३७७, समलिंगी संबंध म्हणजे गुन्हा. मी आणि माझा ‘रूममेट’ लॅपटॉपवर बघत होतो. त्याच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’पुढे मी ‘मित्र’ लिहिलं, तर काउंटरवरून प्रश्न आला, ‘घरचं कोणी नाही का?’ २०१८मध्ये सुप्रीम कोर्टानं आमच्यावरचा गुन्हा पुसला. त्या रकान्यात अजून ‘मित्र’च लिहितो.