भाची परत अंथरूण ओलं करतेय, औषध सांगा

रानजाई:
नणंदेची मुलगी आमच्याकडे आहे. साडेचार वर्षांची. रोज रात्री अंथरूण ओलं करते, आधी करत नव्हती. बोलणंही कमी झालंय. अंगणवाडीत सोडलं की दाराला धरून उभी राहते, आत बसत नाही. डॉक्टरांनी सिरप दिलं, काही फरक नाही. थंडीत गोधड्या वाळत नाहीत. कुणाला औषधाचं नाव माहीत असेल तर सांगा. लवकर.

पेन्सिलटोक:
किती दिवसांपासून? आधी कोरडी होती म्हणजे किती महिने? सिरप कसलं? ताप, लघवीला जळजळ, शौचाला खडा होणं, यातलं काही आहे का?

निवांतपंत:
सुवर्णप्राशन सुरू करा. दर पुष्य नक्षत्राला. माझ्या नातवाला तीन वर्षं देतोय.

पेन्सिलटोक:
पंत, नातवाला काय झालं होतं?

निवांतपंत:
काहीच नाही. तेच तर सांगतोय.

रानजाई:
तिसरं लागल्यापासून बंद झालं होतं. दिवाळीनंतर परत सुरू. ताप नाही, जळजळ म्हणत नाही. सिरपची बाटली फेकली. जंताची गोळी अंगणवाडीत दिली होती. औषधाचं नाव विचारलं होतं मी.

पेन्सिलटोक:
ताई, सहा महिन्यांहून जास्त कोरडं राहिलेलं मूल परत ओलं करायला लागलं तर आधी लघवी तपासतात. फार तहान लागत असेल, वजन उतरत असेल तर साखरही, आणि त्यात दिवस घालवायचे नाहीत. तपासणीत काही निघालं नाही तर घरात काय बदललं ते बघतात. दिवाळीनंतर काय झालं?

कोथिंबीरवडी:
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. माझा मुलगा तिसरीत आहे, पाढे पाठ होत नाहीत. अबॅकस लावावं का?

सिएटलवाली:
हे स्ट्रेसचं लक्षण आहे, अंगावर काढू नका. अमेरिकेत १९९८ मध्ये फेलिटी आणि अँडा यांचा मोठा अभ्यास आला. लहानपणी जितके आघात जास्त, तितके मोठेपणी हृदयविकार, नैराश्य, व्यसनं जास्त. कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सतत वाढलेलं राहिलं की मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. मुलीचे आईवडील कुठे आहेत?

रानजाई:
कोयत्यावर गेलेत, ऊसतोडीला. आमच्याकडे निम्मं गाव जातं, त्यात वेगळं काय सांगायचं म्हणून लिहिलं नाही.

पेन्सिलटोक:
हे पहिल्याच ओळीत हवं होतं.
सिएटलवाली, तो अभ्यास मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारून केलेला होता. हजारोंच्या गटात शक्यता किती वाढते, एवढं त्यावरून कळतं. एका पोरीचं भविष्य त्यात लिहिलेलं नाही. घाबरवू नका त्यांना.

सिएटलवाली:
घाबरवत नाहीये, गांभीर्य सांगतेय. त्याच शाखेत हेही सांगतात की मायेचं एक जरी माणूस कायम जवळ असेल तर बराच फरक पडतो. तेच लिहिणार होते, तेवढ्यात तुम्ही मध्ये आलात.

कट्ट्यावरचा:
इतकं लहान लेकरू टाकून जायचंच कशाला? पैसा काय, कुठेही मिळतो.

धारूरकर:
कुठे मिळतो तेवढा पत्ता द्या, आमची टोळी येते. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, पावसाळ्यातच घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. बाई घरी राहिली की अर्धा कोयता, मग उचल फिटायची कधी? लेकरू सोबत नेलं तर पाचटात, कोपीच्या झोपडीत, ट्रॅक्टरच्या चाकाजवळ. ठेवून गेले तेच बरं केलं.

निवांतपंत:
धारूरकर, तुमच्या घाटातला रस्ता आता बरा आहे का? मार्चमध्ये अंबाजोगाईला जायचंय.

कट्ट्यावरचा:
मग हंगामी वसतिगृहात घाला. सरकारी योजना आहे.

धारूरकर:
ते शाळेतल्या पोरांसाठी. ही अंगणवाडीत आहे.
रानजाई ताई, एकच विचारतो. ते निघाले तेव्हा पोरगी जागी होती का?

रानजाई:
नाही. पहाटे तीनला ट्रक आला. उठवली असती तर रडली असती. धाकटा आठ महिन्यांचा आहे, त्याला सोबत नेलं. सकाळी हिला सांगितलं, आई बाजारला गेलीय. अजून तेच सांगतो. ती आता विचारत नाही.
आणि ती चपला घालून झोपते. झोपल्यावर काढल्या तर रात्री उठून परत घालते. ओल्या होतात त्या पण. हेही सांगायला पाहिजे होतं का?

पेन्सिलटोक:
हो.

धारूरकर:
बाजार संध्याकाळी उठतो, हे तिला माहीत आहे ताई. झोपलं की माणसं जातात, एवढं तिला कळलंय. म्हणून चपला. राहू द्या त्या पायात.
मी पाचवीपर्यंत आजीकडे होतो. आजीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की येतील. एका डब्यात चिंचोके मोजून ठेवले होते. दर रविवारी एक काढायचा. मी चोरून दोनदोन काढायचो. तरी रडायचो, पण कशासाठी रडतोय ते माहीत होतं.
खरं सांगा. फोनची वेळ ठरवा. आजी सगळ्यांसमोर ‘एवढी मोठी झाली तरी मुतते’ म्हणत असेल तर ते आधी बंद करा.

रानजाई:
म्हणतात. तुम्हाला कसं कळलं?

पेन्सिलटोक:
चिंचोके छान, पण लघवीची तपासणी सोडू नका. अंगणवाडीत मुलांना तपासायला आरोग्य पथक येतं, त्यांना ही दाखवा. बोलणं असंच कमी राहिलं तर जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं केंद्र, डीईआयसी असतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फुकट आहे, तुम्हीही बोलू शकता. आणि गोधडीखाली रेक्झिन घाला.

कोथिंबीरवडी:
अबॅकसचं कुणी सांगितलंच नाही.

*(नऊ दिवसांनी)*

रानजाई:
लघवीत काही निघालं नाही. सासूबाईंना सांगितलं, चार दिवस फुगल्या, आता बोलत नाहीत तसं.
पोरीला खरं सांगितलं. रडली नाही. म्हणाली, बाळाला नेलं, मला का नाही? मी म्हटलं, बाळ अजून आईचं दूध पितं म्हणून. तर म्हणे, मी पण दूध पिते.
दोन रात्री कोरड्या गेल्या, काल परत ओलं. चपला आहेतच. रविवारी फोन लावते म्हणाले होते, पण तिकडं फडात रेंज नसते. लागला नाही तर तिला काय सांगू?